कुत्रा-मांजर घेऊन भाड्याचं घर शोधताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालची माहिती मुख्यतः पुणे आणि मुंबई परिसरात 'लिव्ह अँड लायसन्स'वर, म्हणजे मालकाने ठरावीक मुदतीसाठी जागा वापरू द्यायच्या करारावर, घर घेणाऱ्यांसाठी आहे. करार आणि नोंदणीचे नियम महाराष्ट्रभर सारखेच आहेत. भाव, डिपॉझिट आणि एजंटांच्या सवयी मात्र गावागणिक बदलतात.

सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही असं ऐकलंय. मग घरमालक 'कुत्रा चालणार नाही' कसं म्हणतो?

इथे दोन वेगळ्या पक्षांची गल्लत होते. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ साली काढलेल्या मार्गदर्शक सूचना सोसायट्यांना उद्देशून आहेत. बहुमताने ठराव करून किंवा उपविधी (सोसायटीचे स्वतःचे नियम) बदलूनही सोसायटीला प्राणी पाळण्यावर बंदी घालता येत नाही, असं त्यात म्हटलंय. केरळ उच्च न्यायालयानेही २०२१ मध्ये असे बंदीचे नियम बेकायदा ठरवले. पण फ्लॅटचा मालक म्हणजे सोसायटी नव्हे. आपली जागा कोणाला, कोणत्या अटींवर वापरायला द्यायची हे तो करारात ठरवतो आणि 'प्राणी नको' ही अट घालायला त्याला कोणी अडवत नाही. त्यामुळे घर मिळण्याआधी कायदा सांगून काही होत नाही, तिथे समोरच्याला पटवावंच लागतं. कायदा कामाला येतो तो राहायला गेल्यावर, सेक्रेटरी लिफ्टपाशी अडवायला लागले की.

घरांच्या अ‍ॅपवर 'पेट फ्रेंडली' लावून शोधलं तर चारच घरं दिसतात. बाकीची सोडून द्यायची?

अजिबात नाही. जाहिरात टाकताना मालकाने किंवा एजंटाने तो रकाना रिकामाच ठेवलेला असतो. बहुतेकांनी त्यावर विचारच केलेला नसतो. 'नाही' म्हणणाऱ्यांतही तीन तऱ्हा असतात. काहींना प्राणी मनापासून आवडत नाहीत, त्यांचा नाद सोडा. काहींना आधीच्या भाडेकरूचा वाईट अनुभव असतो. त्यांच्याशी बोलता येतं, कारण त्यांची तक्रार ठरावीक असते. तिसरे 'सोसायटीत चालत नाही' असं एजंटाकडून ऐकून सांगणारे. हे तिसरे सगळ्यांत जास्त आणि बऱ्याचदा त्या सोसायटीत आधीच दहा-बारा कुत्री असतात. संध्याकाळी सात-साडेसातला गेटपाशी दहा मिनिटं उभं राहिलं की खरं काय ते कळतं. वॉचमनला विचारलंत तर कुठल्या विंगमध्ये कोणता कुत्रा आहे तेही सांगेल.

कोणत्या प्रकारच्या घरांत लवकर होकार मिळतो?

मालक त्या घरात स्वतः किती राहिलाय, यावर सगळ्यात जास्त अवलंबून असतं. पुण्यात वाकड, बाणेर, खराडी, हिंजवडी या भागांतल्या मोठ्या संकुलांत कित्येक फ्लॅट गुंतवणूक म्हणून घेतलेले असतात. मालक परदेशात किंवा दुसऱ्या शहरात असतो आणि घराकडे तो भाड्याचा हिशेब म्हणूनच बघतो. त्याला वेळेवर भाडं आणि कटकट नको, एवढंच हवं असतं. याउलट ज्या घरात मालक दहा वर्षं संसार करून नुकताच मोठ्या घरात गेलाय, हौसेने सागवानी कपाटं केलीत, देवघर कोरून घेतलंय, तिथे मांजराचं नाव काढताच चेहरा पडतो.

दुसरा चांगला पर्याय म्हणजे बंगल्याचा तळमजला किंवा रो-हाऊस. सहकारनगर, एरंडवणे अशा जुन्या भागांत अजून असे बंगले आहेत. लिफ्ट नाही, सोसायटी नाही, अंगण आहे. पण वरच्या मजल्यावर मालक राहतात हे विसरू नका: त्यांना आवडलं तर सोन्याहून पिवळं, नाही तर प्रत्येक भुंकण्याचा हिशेब. शिवाय अंगणाच्या घरात गोचीड जास्त होतात.

फर्निश्डपेक्षा सेमी-फर्निश्ड घर बरं. सोफा, गादी, पडदे मालकाचे नसले की भांडणाची निम्मी कारणं मुळातच संपतात.

शोध कधीपासून सुरू करायचा?

प्राणी नसलेल्यांना पुण्यात दोन-तीन आठवडे पुरतात. तुम्ही दीड ते दोन महिने धरा. मे-जूनमध्ये कॉलेजं आणि बदल्यांमुळे गिऱ्हाईक भरपूर असतं, तेव्हा मालक निवडून-पारखून भाडेकरू घेतात आणि प्राणीवाले मागे पडतात. पितृपक्षात मात्र घरं बघायला जरूर जा. त्या पंधरवड्यात लोक घर बदलत नाहीत, एजंट रिकामे असतात आणि रिकाम्या फ्लॅटचा मेंटेनन्स भरणारा मालक बोलायला तयार होतो. राहायला हवं तर घटस्थापनेला जा, बोलणी आधी उरकून घ्या.

एजंटला प्राण्याबद्दल केव्हा सांगायचं?

पहिल्याच मेसेजमध्ये. 'आधी घर पसंत पडू दे, मग हळूच सांगू' हा सल्ला सर्रास दिला जातो आणि त्यानेच सगळ्यात जास्त व्यवहार मोडतात. टोकन दिल्यावर मालकाला कळलं की फसवल्यासारखं वाटतं, मग प्राणी कितीही गुणी असो. मेसेज साधारण असा असावा:

'नमस्कार. बाणेर किंवा वाकडमध्ये टू बीएचके हवाय, बजेट २८ हजार, १ ऑक्टोबरपासून. आम्ही दोघं नोकरी करतो. सोबत पाच वर्षांची देशी कुत्री आहे, १६ किलो, नसबंदी झालेली, लसी पूर्ण. आधीच्या घरमालकांशी बोलता येईल. ओनरला आधी विचारून मगच घर दाखवा.'

वजन, वय आणि नसबंदी या तीन गोष्टी मुद्दाम लिहायच्या. 'कुत्रा आहे' एवढंच लिहिलं की समोरचा मनात जर्मन शेफर्ड उभा करतो. शेवटचं वाक्यही महत्त्वाचं, कारण काही एजंट 'बघू या, ओनर चांगले आहेत' म्हणत पाच घरं फिरवतात आणि तुमचा रविवार जातो. एजंटाची दलाली साधारण एका महिन्याचं भाडं असते. ती करार नोंदला गेल्यावरच द्या.

घरमालकाला नेमकी कशाची भीती असते?

या प्रश्नाचं उत्तर नीट समजलं तर निम्मं काम झालं. 'माझा कुत्रा खूप शांत आहे' हे वाक्य प्रत्येक जण म्हणतो, त्यामुळे त्याला किंमत उरलेली नाही. भीती नेमकी असते आणि उत्तरही तसंच नेमकं द्यावं लागतं.

पहिली भीती लाकडाची. कुत्रा दाराचा खालचा एक-दीड फूट भाग ओरबाडतो, पिल्लू कपाटाच्या कडा चावतं. लॅमिनेटची पट्टी एकदा उचकटली की आतल्या प्लायमध्ये पाणी जाऊन ते फुगतं आणि अख्खं शटर बदलावं लागतं. यावर उपाय सोपा आहे: दाराच्या आतल्या बाजूला खालपासून दोन फुटांपर्यंत पारदर्शक प्लास्टिकचा जाड पत्रा लावून घ्यायचा. तो दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या अशा टेपने लावा जी काढताना पॉलिश उचलणार नाही. आधी कोपऱ्यात तुकडा लावून बघा. खिळे नकोत. 'मी हे स्वतःच्या खर्चाने लावीन' असं सांगितलं की मालकाला तुम्ही विचार केलाय हे दिसतं.

दुसरी भीती वासाची आणि ती खरी आहे. लघवी व्हिट्रिफाइड टाइलवर टिकत नाही, पण टाइलच्या सांध्यांत आणि स्कर्टिंगच्या (भिंतीच्या तळाशी लावलेल्या पट्टीच्या) मागे झिरपते. वरून कितीही पुसलं तरी पावसाळ्यात दमट हवेत वास पुन्हा उठतो. नसबंदी न झालेला बोका भिंतीवर फवारा मारतो, तो वास रंगकाम केल्याशिवाय जात नाही. म्हणून नसबंदीचा कागद हा मालकासाठी लसीच्या कागदाइतकाच महत्त्वाचा.

तिसरी, शेजाऱ्यांची तक्रार. दुबईत बसलेल्या मालकाला रात्री अकराला सोसायटीच्या ग्रुपवर आपलं नाव बघायचं नसतं. तुम्ही ऑफिसला गेल्यावर कुत्रा भुंकतो का, याचं उत्तर तुमच्याकडे असायला हवं. घरात मोबाइल रेकॉर्डिंगला लावून दोन तास बाहेर जा आणि ऐका. शांत असेल तर तसं सांगा. नसेल तर सोय सांगा: दुपारी फिरवायला येणारा माणूस, डे केअर, एकाचं घरून काम.

चौथी भीती बोलून दाखवली जात नाही: हे भाडेकरू गेल्यावर पुढचा भाडेकरू मिळेल का? घर सोडताना सफाई कोण, कशी करून देणार हे आधीच लिहून देणं हेच त्यावरचं उत्तर.

मालक म्हणतात, 'आम्ही शाकाहारी आहोत, घरात मटण शिजायला नको.' कुत्र्याच्या खाण्याचं काय?

ही अट करारात घातली असेल तर कुत्र्यासाठी उकडलेलं चिकनही त्यात येतं. 'आम्ही खात नाही, कुत्र्यालाच देतो' हा युक्तिवाद चालत नाही. तयार कोरड्या खाद्यावर प्राणी राहत असेल तर तसं स्पष्ट सांगा; बहुतेकांची हरकत शिजवण्याला आणि वासाला असते, बंद पिशवीतल्या गोळ्यांना नसते. ज्याला घरचं शिजवलेलंच लागतं त्याने हे घर सोडावं. मांजर तर मांसाहारीच, तिला दूधभातावर ठेवायचं वचन कोणी देऊ नये.

कोणती कागदपत्रं सोबत ठेवायची?

एका फाइलमध्ये ठेवा:

– लसीकरणाचं पुस्तक. अँटी-रेबीजची तारीख चालू वर्षातली हवी. कुत्र्याला इतर आजारांची एकत्रित लस, लेप्टोस्पायरोसिससकट. मांजराला तिची तिहेरी लस.
– नसबंदीचं प्रमाणपत्र.
– महापालिकेचा परवाना. पुण्यात आणि मुंबईत कुत्र्यासाठी तो घ्यावा लागतो आणि पुढे नूतनीकरण करावं लागतं. पुण्यात मांजराचीही नोंदणी करायची असते. पत्ता बदलला की नव्या पत्त्यावर नोंद करा, त्यासाठी नोंदणीकृत भाडेकरार पुरावा म्हणून चालतो.
– आधीच्या घरमालकाची दोन ओळींची चिठ्ठी. 'अमुक ते अमुक काळात कुत्र्यासह राहिले, घराचं नुकसान नाही, डिपॉझिट पूर्ण परत केलं.' ही चिठ्ठी बाकी सगळ्या फाइलपेक्षा जड असते.

मायक्रोचिप (ओळखीसाठी कातडीखाली बसवलेली चिप) असेल तर तिचा नंबरही लिहून ठेवा. प्राण्याचा बायोडेटा रंगीत फोटोंसकट छापून नेणारे लोक आहेत. त्याने बिघडत काही नाही, पण मालक वाचतो ती चिठ्ठीच.

घर बघताना प्राण्याच्या दृष्टीने काय तपासायचं?

मांजर असेल तर सगळ्यात आधी खिडक्या. स्लायडिंग खिडकीची मच्छरजाळी मांजर नखाने दहा मिनिटांत फाडतं, आणि त्या जाळीला टेकून बसलेलं मांजर जाळीसकट खाली जातं. बाल्कनीला कबुतरांसाठी लावलेली नायलॉनची जाळी आहे का, तिची भोकं किती मोठी, कडा हुकांना नीट बांधल्यात का, हे हाताने ओढून बघा. भोक सव्वा इंचापेक्षा मोठं नको. नायलॉन चावून कुरतडणारी मांजरं असतात, त्यांच्यासाठी लोखंडी ग्रिलच हवं. ग्रिलच्या दोन सळयांत अडीच-तीन इंच अंतर असेल तर पिल्लू सहज निसटतं. ड्राय बाल्कनी विसरू नका. वॉशिंग मशीनच्या मागची ती उघडी बाजू बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. जाळी लावायला मालकाची परवानगी करारातच घ्या, कारण भिंतीत हुकांसाठी भोकं पडतात.

कुत्रा असेल तर मजला, लिफ्ट आणि फिरवायची जागा. म्हाताऱ्या किंवा जड कुत्र्याला लिफ्ट बंद पडल्यावर पाचवा मजला चढवत नाही. वीज गेल्यावर लिफ्टला बॅकअप आहे का विचारा. गुळगुळीत टाइलवर कुत्र्याचे पाय घसरतात, कंबरेचा त्रास असलेल्यांना तर जास्तच, त्यामुळे रबरी चटयांचा खर्च धरा. सोसायटीच्या आवारात भटकी कुत्री आहेत का तेही बघा, गेटातून बाहेर पडताना रोजची भांडणं नकोत.

घर बघायला प्राण्याला नेऊ नका. नवीन जागी तो खुणा करणारच.

मालक 'पेट डिपॉझिट' जादा मागतायत. द्यावं का?

परत मिळणारं असेल तर द्यायला हरकत नाही. पुण्यात नेहमीचं डिपॉझिट दोन-तीन महिन्यांच्या भाड्याइतकं असतं, मुंबईत त्याहून जास्त मागतात. प्राण्यासाठी त्यावर आणखी अर्धा ते एक महिना ठीक. 'परत न मिळणारी फी' मागितली तर नाही म्हणा, किंवा त्या पैशात घर सोडताना सफाई आणि रंगकाम मालकाने करायचं, असं तरी लिहून घ्या. दर महिन्याचं भाडं हजार-दोन हजारांनी वाढवण्यापेक्षा परतीचं डिपॉझिट तुमच्या केव्हाही फायद्याचं.

ही रक्कम करारात दाखवायलाच हवी. 'स्टॅम्प ड्युटी वाढेल' म्हणून ती रोखीत, कागदाबाहेर मागतात. हिशेब करून बघा. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सवर मुद्रांक शुल्क एकूण भाडं आणि परतीच्या डिपॉझिटवरचं १० टक्के वार्षिक व्याज यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के असतं. भाडं २२ हजार, मुदत ११ महिने, डिपॉझिट ६० हजार धरलं तर भाडं २,४२,००० आणि व्याज ५,५००. शुल्क ६१९ रुपयांच्या आसपास. डिपॉझिट १० हजारांनी वाढवलं तर शुल्क वाढतं सव्वादोन रुपयांनी. नोंदणी फी महापालिका क्षेत्रात १,००० रुपये, ती डिपॉझिटवर अवलंबून नाही. सव्वादोन रुपयांसाठी दहा हजारांचा पुरावा सोडायचा का, हे मालकाला हसत विचारा.

करारात प्राण्याबद्दल काय लिहायचं?

'पाळीव प्राण्यास परवानगी आहे' एवढ्याने भागत नाही. एजंटाच्या छापील मसुद्यात बहुतेक वेळा 'प्राणी ठेवू नयेत' हे कलम आधीच असतं आणि ते काढायला कोणी लक्षात ठेवत नाही. मग एकाच करारात दोन उलट कलमं राहतात. मसुदा ओळीओळीने वाचा, ते कलम खोडायला लावा आणि असं काही घाला (लायसन्सर म्हणजे घरमालक, लायसन्सी म्हणजे तुम्ही):

'लायसन्सीस सदर जागेत स्वतःचा एक पाळीव कुत्रा, देशी, मादी, वय अंदाजे ५ वर्षे, ठेवण्यास लायसन्सर यांची संमती आहे. सदर प्राण्यामुळे दरवाजे, फर्निचर किंवा फिटिंग्ज यांचे नुकसान झाल्यास दुरुस्तीचा प्रत्यक्ष खर्च बिलानुसार लायसन्सी देतील. जागा सोडताना लायसन्सी स्वखर्चाने व्यावसायिक सफाई करून देतील. खिडक्या व बाल्कनीस जाळी बसविण्यास संमती आहे.'

'प्रत्यक्ष खर्च' आणि 'बिलानुसार' हे शब्द सोडू नका. नाही तर दाराच्या एका ओरखड्यासाठी पूर्ण घराच्या रंगकामाचे पैसे कापले जातात.

करार नोंदवून घ्यायची जबाबदारी महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार घरमालकाची आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूने सांगितलेल्या अटी खऱ्या धरल्या जातात. हे मालकांना फारसं माहीत नसतं, म्हणून काही जण अजून पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी करून मोकळे होतात. आता ऑनलाइन नोंदणी घरबसल्या, आधार आणि अंगठ्याच्या ठशावर होते, त्यामुळे टाळायला कारण नाही.

सोसायटीची परवानगी लागते का? लिफ्ट, बाग, दंड याबद्दल नियम काय?

प्राण्यासाठी वेगळ्या परवानगीची गरज नाही. भाडेकरू ठेवल्याची माहिती, कराराची आणि पोलिसांना कळवल्याची प्रत मालकाने सोसायटीला द्यायची असते. भाडेकरू ठेवल्याबद्दल सोसायटी मालकाकडून जे बिनभोगवटा शुल्क घेते त्याची कमाल मर्यादा सेवाशुल्काच्या १० टक्के आहे. कुत्रा आहे म्हणून ते वाढत नाही.

जीवजंतू कल्याण मंडळाच्या सूचनांप्रमाणे प्राण्याला लिफ्ट बंद करता येत नाही आणि लिफ्ट वापरायचे वेगळे पैसेही घेता येत नाहीत. एकापेक्षा जास्त लिफ्ट चालू असतील तर त्यांपैकी कोणती वापरायची हे सोसायटी ठरवू शकते. कुत्रा भुंकतो किंवा मोठ्या जातीचा आहे, हे हाकलायचं कारण होत नाही. आवारात पट्टा बांधूनच न्यायचा, घाण उचलायची, हे तुमच्याकडून अपेक्षित आहे. उचललेली घाण कागदात गुंडाळून, पिशवीत बांधून सॅनिटरी कचऱ्यासारखी वेगळी द्या. ओल्या कचऱ्यात टाकली तर जंतांची अंडी सोसायटीच्या खतात जातात.

अडवणूक झालीच तर आधी नियम लेखी मागा. तोंडी 'आमच्याकडे चालत नाही' म्हणणारे बरेच जण तिथेच थांबतात. लेखी मिळाला तर २०१५ च्या सूचनांची प्रत जोडून उत्तर द्या. पुढची पायरी सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे तक्रार, पण भाडेकरू सोसायटीचा सभासद नसतो, त्यामुळे तक्रार मालकाच्या नावाने गेली तर वजन पडतं. यासाठीच टोकन द्यायच्या आधी सेक्रेटरींना मालकासमोर एकदा भेटून घ्यावं. पाच मिनिटांची भेट पुढचा सहा महिन्यांचा पत्रव्यवहार वाचवते.

देशी कुत्र्याला जास्त नकार मिळतो का?

मिळतो, आणि त्याला काही आधार नाही. शिह त्झूला 'अगं किती गोड' आणि देशीला 'रस्त्यावरचा का?' दत्तक घेतलेला देशी कुत्रा कायद्याने इतर कोणत्याही पाळीव कुत्र्याइतकाच पाळीव. सांगताना 'इंडी' (देशी कुत्र्याचंच इंग्रजी नाव) म्हणा, परवाना दाखवा. रॉटवायलर, पिटबुलवाल्यांची अडचण वेगळी. केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने मार्च २०२४ मध्ये २३ जातींवर बंदी घालायला राज्यांना सांगणारं पत्र काढलं, ते कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिलमध्ये रद्द केलं. मालकाच्या लक्षात मात्र पहिलीच बातमी राहते.

सांगितलंच नाही, लपवून ठेवलं तर?

एकटं मांजर काही महिने लपतं. कुत्रा पहिल्याच सकाळी वॉचमनला दिसतो. करारात प्राणी नको असं लिहिलेलं असताना ठेवला तर तो अटींचा भंग ठरतो, आणि लॉक-इन (अमुक महिने करार मोडायचा नाही ही अट) असूनही मालक नोटीस देऊन करार संपवू शकतो. त्यानंतरही जागा अडवून बसलात तर त्याच भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २४ नुसार भाड्याच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई लागू शकते. आणि तुम्हाला पुढच्या घरासाठी लागणारी ती चिठ्ठी? ती गेलीच.

आधीपासून भाड्याने राहतोय, आता पिल्लू आणायचंय. कराराचं काय?

पिल्लू आणायच्या आधी मालकाला विचारा आणि होकार मिळाला तर व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना, लेखी घ्या. नूतनीकरणाच्या वेळी नव्या करारात कलम घाला. नूतनीकरणाला दोन महिने उरले असतील तर तेवढं थांबणं शहाणपणाचं. पिल्लू पहिले चार-सहा महिने दात येण्याच्या काळात सगळंच चावतं. भाड्याच्या, फर्निश्ड घरात तीन वर्षांचा दत्तक कुत्रा हा पिल्लापेक्षा बराच बरा पर्याय.

नवीन घरात गेल्यावर कुत्रा दिवसभर भुंकतो. शेजारी तक्रार करतायत.

पहिले दोन आठवडे हे होतं. जागा अनोळखी, वास अनोळखी, आणि तुम्ही त्याच दिवशी ऑफिसला निघून जाता. शिफ्टिंगनंतर किमान तीन-चार दिवस सुट्टी काढा. एकट्याला सोडायचा सराव पाच मिनिटांपासून सुरू करा, मग पंधरा, मग अर्धा तास. भुंकायच्या आत परत यायचं, भुंकल्यावर नाही, नाही तर भुंकलं की माणूस येतो हे तो शिकतो. जुनी चादर धुवू नका, तीच अंथरा. बाल्कनीत बांधून ठेवू नका, तिथे त्याला प्रत्येक आवाज भुंकण्याजोगा वाटतो. खालच्या-वरच्या आणि शेजारच्या घरी पहिल्याच दिवशी जाऊन नंबर द्या: 'त्रास झाला तर ग्रुपवर टाकायच्या आधी मला फोन करा.' मांजराला आधी एकाच खोलीत ठेवा, तिथेच मातीचा ट्रे आणि पाणी, तीन-चार दिवसांनी बाकीचं घर.

कुत्रा कोणाला चावला तर जबाबदारी कोणाची?

सांभाळणाऱ्याची, म्हणजे तुमची. प्राण्याबाबत निष्काळजीपणा केला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची, त्या माणसाला रेबीजच्या इंजेक्शनसाठी स्वतः घेऊन जायचं, कुत्र्याचा लसीचा कागद दाखवायचा. तिऱ्हाइताला झालेल्या इजेचा खर्च देणारे प्राणी-विमे मिळतात; घेतला असेल तर मालकाला सांगा, बोलणी सोपी होतात.

पोपट, कासव, मासे यांनाही परवानगी विचारायची का?

मासे असतील तर टाकीचं वजन सांगा: चार फुटी टाकीत दोनशे लिटरच्या वर पाणी, म्हणजे दोनशे किलो, तेही एका जागी. आपला हिरवा पोपट आणि तारा कासव मात्र वन्यजीव संरक्षण कायद्याने पाळताच येत नाहीत. घरमालक 'हो' म्हणाला तरी.

घर सोडताना डिपॉझिट पूर्ण मिळावं म्हणून काय करायचं?

काम राहायला येतानाच सुरू होतं. किल्ली मिळाल्या दिवशी रिकाम्या घराचा व्हिडिओ काढा: प्रत्येक दाराचा खालचा भाग, कपाटांच्या कडा, बाल्कनीच्या जाळ्या, भिंतींचे कोपरे. तो त्याच दिवशी मालकाला पाठवा, म्हणजे तारखेचा वाद राहत नाही.

सोडायच्या महिनाभर आधी वासाचा बंदोबस्त करा. लघवीच्या जागा अंधार करून अल्ट्राव्हायोलेट टॉर्चने शोधता येतात, डाग पिवळट-हिरवट चमकतात. त्या जागी एन्झाइमचं क्लीनर ओतून बाटलीवर लिहिलेला पूर्ण वेळ ओलं ठेवायचं. घाईघाईने पुसून टाकलं तर उपयोग शून्य. अमोनियाचं क्लीनर वापरू नका, त्याचा वास लघवीसारखा असल्याने प्राणी पुन्हा तिथेच करतो. व्हिनेगर संगमरवर आणि शहाबादी फरशी खातं. फिनाइल मांजराला विषारी, त्यामुळे मांजर घरात असेपर्यंत त्याला हात लावू नका. गोचीड झाले असतील तर प्राण्याला औषध देऊन भागत नाही, भिंतीच्या फटींत आणि दाराच्या चौकटीमागे अंडी असतात, कीटकनाशक फवारणी करून घ्या. ती करताना मांजराला घराबाहेर ठेवा; कुत्र्यासाठीची परमेथ्रिनची (एका कीटकनाशकाची) औषधं मांजराच्या जिवावर उठतात.

सोफा-गाद्या गेल्यावर शेवटच्या दोन दिवसांत सफाई करून घ्या, पावती ठेवा. मग मालकाला बोलवा, शक्यतो दिवसाउजेडी. तुम्हाला त्या घरातल्या वासाची सवय झालेली असते, स्वतःच्या नाकावर विसंबू नका. प्राणी न पाळणाऱ्या एखाद्या मित्राला आधी आत नेऊन विचारा. किल्ली आणि डिपॉझिटची देवाणघेवाण एकाच बैठकीत. कपात असेल तर बिल मागा, करारात तसं लिहिलंय.